पाण्याचा रकाना

आमच्या घरात आजोबांची एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात दागदागिने कधीच नव्हते, नुसत्या पावत्या. दाभणाने भोक पाडून सुतळीत ओवलेल्या, वर्षवार. सगळ्यांत खालची उर्दूत आहे, फसली सन १३४९ ची, म्हणजे इंग्रजी १९३९-४० ची. ती वाचून घ्यायला मला गल्लीतल्या एका म्हाताऱ्या चाचांकडे जावं लागलं. सगळ्यांत वरची जमीन महसुलाची पावती १९७३-७४ ची, मराठीत, कार्बन घालून लिहिलेली. शाईचा जांभळा रंग अजून बोटाला लागतो. त्या सर्व्हे नंबरची पुढची पावती नाही. सर्व्हे नंबरच पाण्याखाली गेला.

मी पैठणचा, जन्म १९६३ चा. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत कर विभागात एकतीस वर्षं काढली. लिपिक म्हणून लागलो आणि कर निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. त्यामुळे पावती देणाऱ्याच्या बाजूनेही बघितली आहे आणि घेणाऱ्याच्याही. हल्ली शहरातली ओळखीची माणसं धरणाच्या पाण्याच्या, म्हणजे नाथसागराच्या काठाला गुंठा-दोन गुंठे बघायला येतात, जाताना माझ्याकडे चहाला थांबतात आणि विचारतात, "काका, घर बांधलं तर घरपट्टी किती बसेल?" आकडा मी दोन मिनिटांत सांगतो. पाण्याकाठच्या घराला जे खरं द्यावं लागतं, ते त्या आकड्यात नसतं. ते सांगायला चहाचा एक कप पुरत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं.

पैठणला कराचा इतिहास शोधायला लांब जावं लागत नाही. हे गाव सातवाहनांची राजधानी, प्रतिष्ठान. त्या घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णीने नाशिकच्या लेण्यातल्या भिक्षूंना शेत दिलं, त्याचा लेख पांडवलेण्यांत कोरलेला आहे. जमीन नुसती दिली असं म्हणून तो थांबत नाही. तिथे काय काय होणार नाही, तेही सांगतो. राजाच्या माणसांनी त्या शेतात पाऊल ठेवायचं नाही, तिथे मिठासाठी खणायचं नाही, नेहमीचा अंमल तिथे चालणार नाही. सूट लिहून ठेवावी लागते, म्हणजे एरवी हे सगळं होत असणार. हा लेख मला नेहमी जवळचा वाटतो, कारण करमाफीचा आदेश कसा लिहितात हे मला माहीत आहे. अठराशे-एकोणीसशे वर्षांत घाट तोच राहिला आहे.

मध्ये पुष्कळ राज्यं आली-गेली, ती मी सोडून देतो. मलिक अंबरापाशी मात्र थांबावं लागतं. १६२६ मध्ये तो वारला, पण गोदावरीच्या या पट्ट्यात जमिनीचा मगदूर बघून सारा ठरवायची त्याची रीत माणसांच्या तोंडी पुढे कित्येक पिढ्या राहिली. काळी, पांढरी, बरड, मळईची असा फरक करायचा आणि मग आकारणी. नदीकाठचा शेतकरी हा फरक पायाने ओळखतो. मळईच्या जमिनीत पहिल्या पाण्यानंतर टाच रुतते आणि उचलली की खड्डा आपोआप भरून येतो.

पैठणच्या खालच्या अंगाला, नदीच्या पलीकडच्या काठावर मुंगी आहे. आमच्याकडे दोन्ही नावं जोडूनच घेतात, मुंगी-पैठण. पालखेडला कोंडी झाल्यावर निजामाने बाजीरावाशी जो तह केला तो इथला, मुंगी-शेवगावचा, ६ मार्च १७२८. शाळेत तो लढाईचा धडा म्हणून शिकवतात. मला तो वसुलीचा करार दिसतो: दख्खनच्या सुभ्यांतली चौथाई आणि सरदेशमुखी गोळा करायचा शाहू महाराजांचा हक्क निजामाने मान्य केला. रयतेच्या बाजूने त्याचा अर्थ एवढाच की दारात दोन अंमलदार येणार, एक निजामाचा आणि एक मराठ्यांचा. दुअंमल म्हणतात तो हाच. ज्याचं घर नदीच्या उतारावर, घाटाजवळ, त्याच्या वाट्याला जकातीच्या नाक्याची कटकटही यायची.

निजामाच्या राजवटीत दिवाण पहिल्या सालारजंगाने ठेकेदारी मोडली, जिल्हे-तालुके पाडले, तहसीलदार नेमले आणि पुढे मोजणी होऊन खातेवार सारा बसला. आजोबांची उर्दू पावती त्या व्यवस्थेची. चाचांनी ती दोनदा वाचली. खातेदाराचं नाव, मौजे, नंबर, हाली रुपयांत रक्कम, पटवाऱ्याची सही. एवढंच. मी विचारलं, नदीचं काही लिहिलंय का? ते म्हणाले, "नहीं बेटा, नदी का क्या लिखेंगे?"

लिहिलेलं नव्हतं, पण शेतसाऱ्याच्या कायद्याला नदी ठाऊक होती, हे मला पुढे नोकरीत कळलं. नदीने काठ खाल्ला तर तेवढा सारा कमी करून मागता येतो आणि नदीने गाळ आणून जमीन वाढवली तर ठरावीक मर्यादेपुढे तिच्यावर सारा बसतो. नदी घेते आणि देते, दोन्हीची नोंद होऊ शकते. घरपट्टीच्या कायद्यात मी हेच कलम शोधत राहिलो.

आमचं जुनं गाव पैठण तालुक्यात, आजच्या जायकवाडी धरणाच्या वरच्या अंगाला होतं. गावात जायला नदीच्या कडेकडेने बैलगाडीची वाट होती. आमचं घर नदीपासून दोन शेतं सोडून. मातीच्या भिंती, माळवदाचं छत, ओसरीला सागाचे दोन खांब. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. हे धरण मुळात बीड जिल्ह्यातल्या जायकवाडी गावाजवळ व्हायचं होतं. जागा बदलून पैठणला आली, नाव तेच राहिलं. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. जवळजवळ दहा किलोमीटर लांबीची भिंत, २७ दरवाजे, १०२ टीएमसीवर साठा आणि पाण्याखाली सुमारे ३५,००० हेक्टर. शंभराहून जास्त गावं, कुणी पुरतं, कुणी अर्धं. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदाही १९७६ चाच. तोवर आमच्या ओसरीचे खांब वडिलांनी उतरवून आणलेले होते.

मोजणीचे दिवस मला चांगले आठवतात, कारण शाळेला दांडी मारून मी साखळीच्या मागे मागे फिरायचो. साहेब सावलीत बसून लिहायचे. जमीन सारा भरणाऱ्याच्या नावाने. विहीर वेगळी. झाडं मोजून, आंबा वेगळा, बाभळ वेगळी. घर भिंतींच्या जातीप्रमाणे, मातीला मातीचा भाव. वडिलांनी ही पेटी आणून साहेबांसमोर उघडली आणि एकेक पावती मांडली. तीस-पस्तीस वर्षांच्या पावत्या, एकही वर्ष न चुकवलेलं. दुष्काळाच्या साली तहकुबी मिळाली होती, तिचा कागदसुद्धा. आमचा मावेजा त्या पावत्यांवर उभा राहिला. कमी होता, नंतर कोर्टात जाऊन थोडा वाढला, पण मिळाला.

आमच्याकडे साल घातलेले एक काका होते. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या शेतात राबलेले. नदी उतरली की कुठे टोकन करायचं आणि कुठे थांबायचं, हे त्यांना वडिलांपेक्षा जास्त कळायचं. त्यांची खोप आमच्याच नंबरात, बांधालगत होती, म्हणून मोजणीत ती आमच्या नावावर चढली. त्यांच्या नावाची पावती जगात कुठेच नव्हती. जमिनीचा मावेजा त्यांना एक पैसा नाही. खोपीचे म्हणून जे लागले ते वडिलांनी त्यांच्या हातात दिले. किती, ते घरात कधी बोललं गेलं नाही. काका बायकोमुलांसह कारखान्याच्या टोळीत ऊसतोडीला गेले. पुढे एकदा नाथषष्ठीला वाळवंटात भेटले, वडिलांच्या पाया पडायला वाकले आणि वडिलांनी त्यांना वरच्या वर धरलं.

काठावरच्या गावांत काही घरांचं जगणं नावानिशी लिहिलेलं होतं, म्हणून त्यांचं बुडणंही लिहिलं गेलं. बाकीच्यांचं नाही. मी कर विभागात लागलो त्याला हेही एक कारण आहे. दारात घरपट्टीचं बिल घेऊन गेल्यावर माणसं तोंड वाकडं करायची, पण झोपडपट्टीतल्या बाया उलट मागे लागायच्या: "साहेब, आमच्या घराला नंबर टाका, पट्टी लावा." त्यांचं म्हणणं काय आहे, ते मला समजायचं.

मावेज्यातून वडिलांनी पैठणमध्ये एका वाड्याचा निम्मा भाग घेतला. तोही कुठे? साळीवाड्याकडून नदीकडे उतरणाऱ्या बोळात, धरणाच्या खालच्या अंगाला. आई म्हणाली, एकदा बुडालो तेवढं पुरे नाही का? वडिलांचं उत्तर ठरलेलं होतं, नाथांनी नदी सोडली नाही. एकनाथ महाराजांची गोष्ट ते आम्हाला सांगायचे ती भारुडाची किंवा भूतदयेची नव्हे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे असताना हिशेबातली एका पैची चूक सापडेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले आणि पहाटे चूक सापडल्यावर आनंदाने टाळ्या वाजवल्या, ती. मी लिपिक म्हणून लागलो त्या दिवशीही त्यांनी हीच गोष्ट पुन्हा सांगितली.

वाड्याची पहिली घरपट्टी अडतीस रुपये होती. ही रक्कम कशी निघायची ते सांगतो, कारण माझं आयुष्य त्यात गेलं. घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती येईल, ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीचे म्हणून दहा टक्के वजा. उरलं ते करयोग्य मूल्य, त्यावर टक्क्याने कर. वर शिक्षण कर, वृक्ष कर, अग्निशमन, स्वच्छता. १९६५ च्या नगरपरिषद कायद्याखाली दर चार वर्षांनी फेरआकारणी. ती दहा टक्क्यांची वजावट नीट बघा. टेकडीवरच्या सिमेंटच्या बंगल्याला दहा आणि नदीकाठच्या मातीच्या वाड्यालाही दहा.

आमचा वाडा दहा टक्क्यांत कधीच भागला नाही. पायापासून दोन हात उंचीपर्यंत भिंतींना लोणा. सकाळी हात लावला की पांढरी पूड तळव्याला येते, जिभेला खारट. आई दर दिवाळीला खरवडून माती-शेणाने लिंपायची आणि होळीपर्यंत लोणा परत वर. मिठासाठी न खणण्याची सूट देणारा सातवाहन राजा मला आठवायचा तो अशा वेळी. माळवदावर दरसाल मृगाच्या आधी पांढरी माती टाकायची. ती आता गाडीने विकत आणावी लागते आणि ती धुमसून बसवणारी माणसंही उरली नाहीत. कडीपाटाला ओलीने बुरा धरतो. मी एकदा नोकरीच्या सवयीने दहा वर्षांचा खर्च मांडला. दुरुस्ती घरपट्टीच्या अकरापट निघाली.

त्या हिशेबात ऑगस्ट २००६ धरलेला नाही. त्या महिन्यात वरून इतकं पाणी आलं की धरणातून सुमारे अडीच लाख क्युसेक सोडावं लागलं आणि पैठणचा सखल भाग पाण्यात गेला. रात्री भोंगा वाजवत गाडी फिरली. आम्ही वडिलांना उचलून वरच्या आळीत नेलं. ते पेटी सोडायला तयार नव्हते, म्हणून पेटी आधी गेली. दोन दिवसांनी परतलो तेव्हा पाण्याची रेघ देवघराच्या कोनाड्याच्या वर होती. बळदात गाळ. तो गाळ मी हातात घेतला आणि नाकाशी नेला, तर वास आमच्या जुन्या शेताचा. वडील काही न बोलता ओट्यावर बसून राहिले. घरपट्टी त्या वर्षीही आम्ही मुदतीत भरली. नियमाने ती बरोबरच होती. घर उभं होतं, भाडेमूल्य तेवढंच होतं. पाण्याला त्या तक्त्यात रकाना नाही.

रकाना नाही, पण रेषा आहेत. नदीकाठाला निळी पूररेषा आणि लाल पूररेषा आखतात. निळी म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींवर. माणसांच्या जिवासाठी हे हवंच, मी त्याच्या बाजूचा आहे. पण चारशे वर्षांचं गाव रेषेच्या आत सापडलं की त्या घरांचं काय होतं ते बोलायला हवं. पाडून नवं बांधणं सोपं राहत नाही. बँक कर्जाला हात आखडते. गिऱ्हाईक येतं, घाट बघून खूश होतं, रेषेचं ऐकतं आणि परत येत नाही. राहायचं, लिंपत राहायचं आणि पट्टी भरत राहायची, एवढंच उरतं.

माझी पुतणी अमेरिकेत मिशिगन राज्यात असते. त्यांचं घर एका तळ्याच्या काठाला आहे. तिथे उलटी तऱ्हा. पाण्याचा शेजार हीच किंमत. त्यामुळे तळ्याकाठच्या घरांवर कर चढत जायचा आणि जुन्या लोकांना आपलंच घर परवडेनासं व्हायचं. म्हणून त्या राज्याने १९९४ मध्ये मतदान घेऊन बंधन घातलं: घर एकाच्या नावावर आहे तोवर करपात्र मूल्य वर्षाला महागाईच्या दराने किंवा पाच टक्क्यांनी, जे कमी असेल तेवढंच वाढायचं, विकलं की पुन्हा बाजारभावावर. पुतणी म्हणाली, "काका, आमच्या शेजारच्या आजींची पट्टी आमच्या निम्मीसुद्धा नाही, घर सारखंच आहे." तिला ते अन्यायाचं वाटत होतं. मला त्या आजी डोळ्यांसमोर दिसत होत्या. निदान तिथे कुणीतरी पाणी आणि माणूस दोन्ही मोजायचा प्रयत्न केला आहे.

आता गुंठ्यांच्या लोकांकडे येतो. बॅकवॉटरच्या काठाला घर बांधलं तर ते बहुतेक ग्रामपंचायतीत येतं. २०१५ अखेर नियम बदलले तेव्हापासून तिथे भांडवली मूल्यावर आकारणी होते, दर हजारी काही पैशांचा. त्यामुळे आकडा ऐकून माणूस हसतो. पण आधी संपादनाची हद्द कुठे आहे ते भूमी अभिलेखात बघा. साठा पूर्ण भरला की पाणी कुठवर येतं, ते काठावरच्या मेंढपाळाला विचारा. शिवाय नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात लांबून येणाऱ्या बदकांचा आणि रोहितांचा हक्क तुमच्या गच्चीच्या आधीचा आहे आणि त्याची बंधनं जमिनीवर आहेत. बिनशेती झाली आहे का, ते बघा. एक गोष्ट मी प्रत्येकाला हात धरून सांगतो: नमुना ८ वर नाव लागलं, पट्टीची पावती मिळाली, म्हणजे जमीन तुमची झाली किंवा बांधकाम अधिकृत झालं असं नाही. विनापरवाना घरालाही पट्टी लागते, शहरात तर वर दुपटीपर्यंत शास्ती बसू शकते, आणि पावती तरीही मालकीचा पुरावा ठरत नाही. हे सांगताना माझा आवाज दरवेळी अडखळतो. ज्या घरात पावती म्हणजे सगळं काही होतं, त्या घरात मी वाढलो.

२०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं. मे महिन्यात वडील म्हणाले, गाव वर आलं असेल, घेऊन चल. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. जीप जिथवर गेली तिथून पुढे मी आणि माझ्या मुलाने त्यांना दोन्ही बाजूंनी धरलं. भेगाळलेला गाळ, शिंपले, एका जात्याची वरची तळी. देवळाचा चौथरा मला आधी दिसला. तिथून वडिलांनी काठीने मोजत आमच्या घराची जागा दाखवली आणि मग वळून, जरासुद्धा न चाचपडता, आमचा नंबर.

त्या नंबरात हिरवा मका होता. पाणी ओसरलं की उघडी पडणारी जमीन गाळपेरीला एकसाली देतात, त्यातली. त्या वर्षी दुष्काळ म्हणून चाऱ्यासाठी. पंचविशीतला एक पोरगा इंजिनाच्या पाइपाशी वाकला होता. कुणाचा कोण, मी विचारलं नाही. त्याने घागरीतलं पाणी दिलं. वडिलांनी मक्याचं पान दोन बोटांत धरून बघितलं, खाली वाकून ढेकूळ फोडलं.

"भाडं किती घेतात रे?"

"यंदा नावालाच हाये, आजोबा. चाऱ्यासाठी दिलंय."

"भरलं का?"

"भरलं."

वडील त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पावती घेतलीस ना? दाखव."

पोराने खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातला घडीचा कागद उलगडला आणि त्यांच्या हातात दिला. वडिलांनी तो लांब धरून, उन्हाकडे पाठ करून, वरपासून खालपर्यंत वाचला. त्याचं नाव नीट लिहिलं आहे का ते दोनदा पाहिलं. तशीच घडी घालून परत दिला आणि म्हणाले, "पेटीत ठेव."

"पेटी न्हाई आजोबा," तो म्हणाला.

संध्याकाळी घरी आल्यावर वडिलांनी मला बाजारात पाठवलं.